समाचाराला आलेली बाई

डब्लिनमध्ये रविवारी सकाळचे दहा वाजतात तेव्हा मालवणाकडच्या आमच्या गावात दुपारचे साडेतीन झालेले असतात. आई जेवून, भांडी धुऊन, पडवीत खुर्ची घेऊन बसलेली असते. मार्चच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं तासभर पुढं सरकतात, मग तिचे अडीच होतात. नोव्हेंबर २०२२ पासून पुढच्या नोव्हेंबरपर्यंत असे ४४ रविवार मी तिला फोनवर एक कादंबरी वाचून दाखवली. कोल्म टोबीन या आयरिश लेखकाची 'ब्रुकलिन'. आईला इंग्रजी येत नाही, त्यामुळे मराठी मी करत होते आणि ते तिला रुचतंय की नाही हे ती लगेच सांगत होती.

हे कसं सुरू झालं ते आधी सांगते. मी २०१६ मध्ये इकडे आले, एका कंपनीत हिशेबाचं काम करते. बाबा मे २०२१ मध्ये गेले. करोनाचे दिवस होते, मला जाता आलं नाही. त्यानंतर आई आणि मी रोज बोलायचो, पण बोलायला काही नसायचं. जेवलंस काय, पाऊस आसा काय, थंडी आसा काय. दोघींच्या मध्ये बाबा असायचे आणि त्यांच्याविषयी दोघी गप्प. एका रविवारी तिला माझ्या मांडीवरचं पुस्तक दिसलं. इथल्या सार्वजनिक वाचनालयाचं सभासदत्व फुकट असतं, डब्लिनमध्ये उशीर झाला तर दंडही घेत नाहीत, म्हणून माझ्याकडे सतत काहीतरी असतं.

"ह्या खयचा पुस्तक?"

मी सांगितलं, एका मुलीची गोष्ट आहे, इथल्याच एका लहान गावातली. १९५० च्या सुमाराची. गावात काम मिळत नाही म्हणून घरचे तिला अमेरिकेला पाठवतात.

"एकटी?"

"एकटी."

"माका वाचून दाखव."

पहिले तीन रविवार वाया गेले. मी पानावर नजर ठेवून तोंडी मराठी करत जायचे. पुस्तक मला आवडलेलं होतं, आईला आवडावं म्हणून मी रंगवून सांगत होते. नायिका एलिश लेसी. घरात आई आणि मोठी बहीण रोझ. रोझ तिशीची, कचेरीत नोकरी करणारी, तिच्या पगारावर घर चालतं. भाऊ इंग्लंडात बर्मिंगहॅमला गेलेले. अमेरिकेतून सुटीवर आलेले फादर फ्लड नावाचे पाद्री घरी येतात, ब्रुकलिनमध्ये एलिशला काम मिळू शकेल असं म्हणतात, आणि बघता बघता तिचं जाणं ठरून जातं. तिला कुणी नीट विचारतसुद्धा नाही. इथं मी म्हटलं, "तिला भरून आलं, तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं."

आईनं मला थांबवलं. "ती रडली असा तेना लिवल्यान हा काय?"

लिहिलेलं नव्हतं. लेखकानं लिहिलं होतं की एलिश खोलीतल्या बाकीच्यांचे चेहरे बघत राहिली.

"मगे तू कशाक सांगतंस? माका कळता ता."

त्या रात्री मी दोनशे पानांची वही काढली. पुढे दर शनिवारी रात्री पाच-सहा पानांचं भाषांतर लिहून काढायचं आणि रविवारी तेच वाचायचं, मधे एक शब्दही आपला घालायचा नाही, असं ठरवलं. हे सांगायला सोपं आहे. टोबीनचं वाक्य साधं असतं. अमुक उठली, खिडकीशी गेली, परत बसली. इंग्रजीत त्या उठण्या-बसण्यात सगळं दाटलेलं असतं. मराठीत उतरवलं की ते निव्वळ उठणं-बसणं वाटायचं आणि माझा हात शिवशिवायचा: 'जड पावलांनी' घालू का, 'सुस्कारा टाकून' घालू का. आपल्या भाषेत असे तयार शब्द हाताशी फार आहेत आणि ते आपोआप पडतात. पहिल्या वहीत मी ते लिहिलेत आणि मग एकेक खोडलेत. वाक्य कोरडं वाटलं तरी तसंच ठेवायला लागले. आईनं एकदाही तक्रार केली नाही. उलट अशा वाक्यांनंतर ती थोडी थांबायची, म्हणून मीही थांबायचे.

दुसरी अडचण 'तू' आणि 'तुम्ही'ची. इंग्रजीला हा प्रश्नच नाही. गावातल्या किराणा दुकानाची मालकीण मिस केली एलिशला अरेतुरे करणार आणि एलिश तिला अहोजाहो, हे उघड होतं. (या मिस केलीला आईनं दोन पानांत ओळखलं. दुकानात मोठ्या घरची बाई आली की रांग मोडून तिला आधी माल द्यायचा आणि गरिबाला उभं ठेवायचं. "हिका मी वळखतंय," आई म्हणाली आणि आमच्याकडच्या एका दुकानाचं नाव घेतलं.) पण टोनी? ब्रुकलिनमध्ये चर्चच्या नाचाच्या कार्यक्रमात भेटलेला इटालियन घरातला मुलगा, नळकाम करणारा. पहिल्या भेटीत एलिश त्याला 'तुम्ही' म्हणेल. लग्नापर्यंत 'तू' झालेलं असणार. मग मधल्या कुठल्या संध्याकाळी? मी पाठीमागची पानं चाळून चाळून बघितली. शेवटी तो तिला आपल्या घरी जेवायला घेऊन जातो, आणि त्याचा लहान भाऊ सगळ्यांसमोर बोलून जातो की आम्हाला आयरिश माणसं आवडत नाहीत, त्या प्रसंगानंतर मी तिच्या तोंडी 'तू' घातलं. सगळं घर ओशाळलेलं असताना ती दोघं पहिल्यांदा एका बाजूला झाली, असं मला वाटलं. आईला मी हे सांगितलं नव्हतं. तिच्या कानानं बरोबर टिपलं. "आज 'तू' म्हणता ती तेका," एवढंच म्हणाली.

एका शब्दासाठी मात्र माझे चार दिवस गेले. एलिश ब्रुकलिनला पोचते, मिसेस कीओ नावाच्या बाईच्या घरात खोली मिळते, बार्टोची यांच्या कापडाच्या मोठ्या दुकानात कामाला लागते, सगळं ठीक चाललेलं असतं. मग एक दिवस घरची पत्रं येतात, आई, रोझ आणि भाऊ जॅक यांची. ती वाचून ती कोसळते. पत्रांत दुःखाचं काहीच नसतं. इंग्रजीत यासाठी जो शब्द आहे त्यात घर आणि आजार दोन्ही आहेत. 'घरची आठवण' फार हलकं होतं, 'विरह' तर चालणारच नव्हता. ऑफिसला जाताना, ट्राममध्ये, मी शब्द शोधत होते. गुरुवारी फोनवर सहज आईला विचारलं, बाबांशिवाय दिवस कसा जातो गं? ती म्हणाली, करमत नाही. हे तिनं शुद्ध मराठीत म्हटलं, शाळेतल्या बाईंशी बोलावं तसं. वहीत तोच शब्द लिहिला. 'करमत नाही' मध्ये घराचं नाव नाही, कारण नाही, दोष कुणाचा नाही. एलिशचं अगदी तेच झालेलं होतं.

मिसेस कीओचं घरही आईला समजावून सांगावं लागलं नाही. ही बाई एलिशच्याच वेक्सफर्ड परगण्यातली. घरात भाड्यानं राहणाऱ्या मुली, जेवणाची वेळ ठरलेली, कोण कुणाबरोबर फिरतं यावर बाईंची नजर. "म्हंजे गावकीची खोली," आई म्हणाली. माझा मामा परळला गिरणीत होता, तो अशाच खोलीत राहायचा. गावच्या पंचवीस-तीस पुरुषांची एक खोली, पाळ्यांप्रमाणे झोपायचं, जेवण गावच्याच बाईच्या खाणावळीत. मुंबईत काहीही केलं तरी आठवड्याभरात ते गावात कळायचं. ब्रुकलिनमधली खबर समुद्र ओलांडून गावच्या दुकानात पोचते, ते पुढे याच वाटेनं. मिस केली आणि मिसेस कीओ नात्यातल्या निघतात. मी चकित झाले होते, आई झाली नाही.

मध्येच ती विचारायची, पण ही माणसं जात का होती? शेती नव्हती?

मग मी आठवडाभर वाचून पुढच्या रविवारी पाच मिनिटं सांगायचे. शेती होती, पण ती एकाच मुलाला मिळायची. बाकीच्यांनी पाद्री व्हायचं, नन व्हायचं, नाहीतर बोट धरायची. कारखाने थोडे. शेजारी इंग्लंडात युद्धानंतर बांधकामाला आणि इस्पितळांना माणसं हवी होती, म्हणून १९५० च्या दशकात चार लाखांच्या वर लोक गेले, बहुतेक इंग्लंडलाच. अमेरिकेला जाणारी एलिश त्या काळात तशी वेगळीच. १९६१ च्या शिरगणतीत आयर्लंडच्या प्रजासत्ताकात जेमतेम २८ लाख माणसं उरली होती. आणि त्याच्या शंभर वर्षांआधी, १८४५ पासून बटाट्याचं पीक काळं पडून कुजत गेलं तेव्हा, दहाएक लाख माणसं मेली आणि त्याहून जास्त देश सोडून गेली. १८४१ मध्ये अख्ख्या बेटावर ८० लाखांहून अधिक वस्ती होती. आजही तेवढी नाही.

त्या काळात अमेरिकेला निघालेल्याच्या घरी आदल्या रात्री सगळा गाव जमायचा. मयताच्या घरी जागतात तसं रात्रभर जागायचे, कारण तो माणूस पुन्हा दिसणार नव्हता. जिवंत माणसाचं असं जागरण. हे मी सांगितलं तेव्हा आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आणि दुसऱ्या दिवसा आवशीचा कोणी इचारल्यान काय?"

हा प्रश्न तिनं त्या वर्षात कितीदा विचारला असेल. मी एलिशच्या बाजूनं वाचत होते, तीही माझ्यासारखीच परदेशात हिशेब शिकणारी मुलगी. आई तिच्या आईच्या बाजूनं ऐकत होती. पुस्तकात त्या आईला फार थोडं बोलणं आहे. निघण्याआधी एक शेजारीण सहज म्हणते की मुलगी गेल्यावर तुम्हाला चुकल्यासारखं होईल, आणि ती आई म्हणते की जीवच जाईल माझा. एवढं एकदाच. ते वाक्य मी वाचलं त्या रविवारी आईनं फोन लवकर ठेवला.

मग जूनमध्ये आम्ही रोझपाशी आलो.

रोझ झोपेतच जाते. हृदयाचा विकार होता, तिला ठाऊक होतं, घरात कुणाला तिनं कळू दिलं नव्हतं. आईनं सकाळी बघितलं. एलिशला हे कळतं ते दुकानात काम करत असताना, फादर फ्लड येऊन सांगतात. घरी जायला बोटीचे इतके दिवस लागणार की तोवर सगळं उरकलेलं असणार. ती पानं शनिवारी रात्री लिहिताना मला पुढे जाववेना. रविवारी मी म्हटलं, आज नको, पुढच्या वेळी. आई म्हणाली, वाच.

मी वाचलं. तिनं विचारलं, "फादर स्वतः इलो सांगाक?"

"हो."

"बरा केल्यान."

आणि मग तिनं बाबा गेले त्या रात्रीचं सांगितलं, दोन वर्षांनी पहिल्यांदा. ते रात्री दोनला गेले. तेव्हा इकडे साडेनऊ झालेले होते, मी जागी होते, जेवण करून मालिका बघत बसले होते. मला फोन आला तो माझ्या सकाळी सातला. तिकडे साडेअकरा वाजून गेले होते आणि बाबांना नेलेलं होतं. त्या नऊ-साडेनऊ तासांचा राग मी आत धरून होते. मला शेवटचं बघू दिलं नाही, फोनवरसुद्धा नाही. मी कधी विचारलं नव्हतं, तिनं कधी सांगितलं नव्हतं.

"चुलत्यांनी म्हटल्यानी, फोन लाव. मी नको म्हटलंय," ती म्हणाली. "तू एकटी थय. रात कशी काडतलंस?"

मी काय बोलले ते आठवत नाही. बहुतेक काहीच नाही. त्या दिवशी पुढचं वाचन झालं नाही.

हा लेखक कोण, असं ती पुढच्या आठवड्यात विचारायला लागली. तोवर तिच्या दृष्टीनं पुस्तक म्हणजे मीच. मला जे ठाऊक होतं ते सांगितलं. टोबीन १९५५ मध्ये त्याच एनिस्कॉर्थी गावात जन्मला, जिथं एलिशचं घर आहे. आजोबा १९१६ च्या ब्रिटिशांविरुद्धच्या उठावात होते, त्यापायी वेल्समधल्या छावणीत बंदिवान. वडील शिक्षक, गावातल्या जुन्या किल्ल्यात संग्रहालय उभं करणाऱ्यांपैकी एक. हा लहानपणी बोलताना अडखळायचा. १९६७ मध्ये वडील वारले तेव्हा बारा वर्षांचा होता. पुढे शिकून १९७५ मध्ये देश सोडून स्पेनला, बार्सिलोनाला गेला. लिहायला लागला तो पुन्हा पुन्हा याच गावावर, याच नदीवर, याच गल्ल्यांवर.

'ब्रुकलिन'चं बीज कुठलं, ते त्यानं अनेकदा सांगितलंय. वडील गेल्यावर घरी लोक भेटायला येत होते. एका संध्याकाळी एक बाई आली आणि आपली मुलगी ब्रुकलिनला कशी गेली, याचंच बोलत राहिली. तो मुलगा कोपऱ्यात बसून ऐकत होता. ते त्याच्या डोक्यात चाळीस वर्षं राहिलं.

आई सरळ बसली. "समाचाराक इली होती ती?"

मी हो म्हटलं. इतके दिवस मी मनात 'सांत्वनाला आलेली स्त्री' असं काहीतरी धरून होते. समाचाराला आलेली बाई. आमच्याकडे यासाठी दुसरा शब्दच नाही आणि तो मला सुचला नव्हता.

"समाचाराक येणारी माणसां आपलाच सांगत बसतत," आई म्हणाली. "आणि तो झिल आयकत होतो?"

"ऐकत होता."

"बापूस गेलेलो, आणि तो त्या चेडवाचा आयकत होतो." हे ती दोनदा म्हणाली. बाबांच्या वेळी करोनामुळे आमच्याकडे समाचाराला कुणीच आलं नव्हतं. तेरा दिवस दार उघडं ठेवलं होतं, तिनं मागे कधीतरी सांगितलेलं.

टोबीनची 'नोरा वेबस्टर' ही दुसरी कादंबरी मी मग वाचनालयातून आणली. शिक्षक नवरा गेल्यानंतर मुलांना घेऊन उभी राहणारी विधवा, घरात अडखळत बोलणारा मुलगा. लेखकाच्या घराचीच ही गोष्ट आहे, हे लपत नाही. तिच्या पहिल्याच प्रकरणात दार वाजतं आणि समाचाराला येते ती एलिशची आई! मी वाचनालयातल्या खुर्चीत बसल्या जागी आईला निरोप रेकॉर्ड करून पाठवला. एका पुस्तकातली आई उठून दुसऱ्या पुस्तकातल्या घरी समाचाराला गेली होती. 'ब्रुकलिन'मध्ये जिच्या तोंडी फार कमी बोलणं आहे ती इथं बसून मुलीविषयी बोलते.

ऑगस्टमध्ये मी एनिस्कॉर्थीला जाऊन आले. आईनंच धाडलं म्हणा ना. तिला एलिशचं घर देवळापासून किती लांब ते हवं होतं, नदी मोठी की आपल्या वहाळाएवढी ते हवं होतं. डब्लिनच्या कॉनली स्थानकातून रॉसलेअरला जाणारी गाडी धरली की दोन-सव्वादोन तास. निम्मी वाट समुद्राच्या कडेनं, पुढे आत वळून स्लेनी नदी लागते. गाव चढावर वसलेलं. खाली नदी आणि पूल, वर किल्ला, त्याच्याही वर करड्या दगडाचं सेंट एडन्स कॅथीड्रल. नदीपलीकडे व्हिनेगर हिल नावाची टेकडी, तिथं २१ जून १७९८ ला इंग्रज फौजेनं बंडखोरांचा पराभव केला. वर पवनचक्कीचं दगडी खोड उरलंय. टेकडीवरून अख्खं गाव ओंजळीत मावेल एवढं दिसतं आणि मिस केलीला सगळ्यांचं सगळं कसं कळतं याचा उलगडा होतो.

फ्रायरी स्ट्रीटवर उभी राहून मी आईला व्हिडिओ लावला. घरं एकमेकांना चिकटलेली, दार उघडलं की रस्ता. कादंबरीची सुरुवात होते ती याच रस्त्यावरच्या घरात. माडीवरच्या खिडकीत बसलेली एलिश कामावरून घरी येणाऱ्या रोझला बघते. आईनं मला फोन वर कर म्हणून सांगितलं, माडीच्या खिडक्या दाखव. मग चढाकडे वळव.

"ती आवस हो चढ कसो चढत असतली?"

मी कॅथीड्रलपर्यंत चालत गेले आणि तिला मिनिटं सांगितली. इथल्या कामावरच्या एका मैत्रिणीनं दुसऱ्या दिवशी मला गाडीनं करक्लोच्या किनाऱ्यावर नेलं, एलिश परत आल्यावर जिथं सगळे मिळून जातात तिथं. लांबच लांब वाळू, मागे गवताचे ढीग, आणि ऑगस्टातही अंगावर शहारा आणणारं पाणी. उत्तरेकडे कुश नावाची वाडी आहे, तिथं टोबीनचं कुटुंब उन्हाळ्यात जायचं. मातीचे कडे समुद्र दरवर्षी खात जातो, घरं कड्याखाली गेलीत. हे त्याच्या आधीच्या एका कादंबरीतही आहे. आईला ते दृश्य नवं नव्हतं. तिनं फक्त विचारलं, माणसं गेली कुठं तिथली.

एक आठवण इथंच सांगते. मी मालवणची असं सांगितलं की कामावरची माणसं हटकून लिओ वराडकरांचं नाव काढतात. त्यांचे डॉक्टर वडील मूळचे वराडचे, आमच्यापासून लांब नाही. २०१७ मध्ये ते इथले पंतप्रधान झाले तेव्हा आमच्याकडे पेढे वाटले होते. इथल्या लोकांना, ज्यांच्या घरातून प्रत्येक पिढीत कुणीतरी बोटीवर चढलंय, गावाचं नाव सांगणारा माणूस लगेच कळतो. कुठल्या देशाचा, यावर ते थांबत नाहीत. कुठल्या गावचा, असं विचारतात.

नोव्हेंबरमध्ये शेवटचं प्रकरण आलं. रोझच्या मृत्यूनंतर एलिश महिनाभरासाठी घरी येते. निघण्याआधी टोनीशी गुपचूप लग्न करून आलेली असते. गावात मात्र तिला जिम फॅरेल नावाचा तरुण आवडू लागतो, रोझच्या कचेरीत काम मिळतं, ब्रुकलिन स्वप्नासारखं मागे पडतं. मिस केली तिला बोलावून घेते आणि आपल्याला माहीत आहे असं सुचवते. एलिश घरी येऊन आईला सांगते की माझं लग्न झालंय, मी उद्या निघते.

आता ती आई काय करेल? मी आधी वाचलेलं असूनही वाचताना माझा आवाज बारीक झाला. ती दोन-चार प्रश्न विचारते. तो चांगला आहे का, तुला आवडतो का. मग म्हणते, मी झोपायला जाते. सकाळी उठणार नाही, निरोप आत्ताच घेते. आणि जाते. ओरडत नाही, थांबवत नाही.

मला हे कायम कठोर वाटलं होतं. माझ्या निघण्याच्या दिवशी आईही बसथांब्यापर्यंत आली नव्हती. बाबा आले. ती घराच्या मागच्या बाजूला भात वाळत घालत होती, तशीच राहिली. मी मागे वळून बघितलं तर अंगण रिकामं.

"परत वाच," आई म्हणाली.

मी परत वाचलं, 'मी झोपायला जाते' पासून.

"बरा केल्यान," ती म्हणाली. मग जरा वेळानं, "सकाळी दाराक उभी रवली असती तर ता चेडू जावक नाय असता."

परसातून बसचा हॉर्न ऐकू येतो का, असं मी त्या दिवशी विचारलं. येतो म्हणाली. वळणावरचा पण येतो.

वह्या तीन झाल्या. त्या कपाटात आहेत. छापायच्या नाहीत, तसा हक्कही मला नाही. वाचायला एकच माणूस होतं आणि त्यानं ऐकलंय.

मे २०२४ मध्ये टोबीनची 'लाँग आयलंड' आली. एलिशची पुढची गोष्ट, वीस-बावीस वर्षांनंतरची, १९७६ मधली. आईला हे आधी सांगितलं होतं, ती वाट बघत होती. एलिश आता चाळिशी ओलांडलेली, दोन मोठी मुलं, टोनीनं घात केलेला. आईचा ऐंशीवा वाढदिवस आहे असं कारण सांगून ती एनिस्कॉर्थीला येते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"आवशीक वाढदिवस कित्याक व्हयो?" आई म्हणाली. ती एकाहत्तरची आहे.

तर एलिश घरी येते आणि बघते, स्वयंपाकघर जुनंपुराणं. ती आईला न विचारता फ्रिज, शेगडी, कपडे धुण्याचं यंत्र मागवते. सामान येतं. आणि तिची आई ते आत घेऊच देत नाही. सगळं दारातल्या वाटेत उभं राहतं, येता-जाता अंग चोरून जावं लागतं.

हे पान लिहिताना मी पेन खाली ठेवलं. २०१९ मध्ये मी इथून पैसे भरून घरी कपडे धुण्याचं यंत्र पाठवलं होतं. ते पडवीत आहे. खोका काढलेला नाही. वर जुनं लुगडं घातलंय आणि मे महिन्यात त्याच्यावर सुपात कोकमाची सोलां वाळत असतात. दर रविवारी ते आईच्या खांद्यामागे मला दिसतं. मी त्यावर कधी बोलले नाही, बाबांच्या वेळी एकदा चिडून बोलले तेवढंच.

वाचू की गाळू, असा विचार शनिवारी रात्री केला. पण गाळायचं नाही हा नियम तिनंच घातला होता. रविवारी सगळं वाचलं, जसं होतं तसं. यंत्र, शेगडी, दारातली वाट.

आई ऐकत होती. तिच्यामागे लुगडं, वर सूप.

"मगे?" तिनं विचारलं. "घेतल्यान काय आत?"

"अजून तिथवर आले नाही."

"बरा," ती म्हणाली आणि खुर्ची जरा पुढं ओढली. "सावकाश वाच."